घंटांना तीट

नागराजच्या मुलीचं बारसं फोनवर झालं, ते वर्ष २०१७. पाळणा कॅनडात, मूल पाळण्यात, आणि, आत्या नव्हती म्हणून, बाळाच्या कानात कुर्र करायची ती आजी मैसूरला, लष्कर मोहल्ल्यात, माडीवरच्या खोलीत चांगलं लुगडं नेसून फोनसमोर बसलेली.

"आई, आता बोल. तिच्या कानाला लावलाय फोन," नागराज म्हणाला.

सोयराबाईंनी फोनला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि म्हणाल्या, "तिप्पव्वा."

पलीकडून सुनेचं हसू ऐकू आलं.

"काय म्हणालीस आई?"

"तिप्पव्वा. उकिरड्यावरची. आधी असंच काहीतरी नाव घ्यायचं असतं रे, म्हणजे कुणाची दृष्ट लागत नाही. तुला नाही का आधी गुंडा म्हटलं? धोंडा होतास तू बारा दिवस."

"तिचं नाव इरा आहे आई. सर्टिफिकेटसुद्धा आलंय."

"असू दे की. सर्टिफिकेटला कुठं दृष्ट लागते?"

सगळे हसले, बाळ रडलं, मग फोनच बंद पडला. सोयराबाईंनी बारशाच्या म्हणून पातेलंभर घुगऱ्या शिजवल्या होत्या. शिजवताना हात आपसूक जुन्या मापाने पडला होता. आता वाटायच्या कुणाला? वाटीभर देवापुढे ठेवल्या, वाटीभर स्वतः खाल्ल्या, आणि उरलेलं पातेलं घेऊन त्या मागच्या जिन्याने खाली कल्याणीवर गेल्या.

मैसूरकडे पायऱ्यांच्या दगडी कुंडाला कल्याणी म्हणतात. सोयराबाईंच्या घरामागे अशी एक जुनी कल्याणी होती. एके काळी शेजारच्या धर्मशाळेतले वाटसरू तिथे आंघोळी करत. पुढे धर्मशाळेत गॅरेज आलं, बॅटऱ्या दुरुस्त करणारे आले, आणि कल्याणीत लोक देव्हाऱ्यातली निर्माल्यं, फुटक्या बाटल्या, मुदत संपलेल्या कॅलेंडरांवरची देवांची चित्रं टाकू लागले. पाणी हिरवं झालं. तरी मासे होते. सोयराबाईंनी घुगऱ्या मूठ मूठ करून माशांना घातल्या आणि बाळाची बातमी सांगितली. मराठीत सांगितली. मराठीत सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

सोयराबाईंची माणसं विठ्ठलाची भक्त, कापड शिवणारी, पिढ्यान् पिढ्या मैसुरात राहिलेली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असा त्यांचा रिवाज. पण दाराबाहेरचं हळूहळू दाराच्या आत येतं. विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन होई ते मराठीत, पण पुस्तकं कन्नड अक्षरांतली, आणि भजन संपून प्रसाद वाटला की बायका आपसात कन्नडच बोलत. मराठी उरली ती देवाशी बोलायला आणि नवऱ्याशी भांडायला. सोयराबाईंचे यजमान विठ्ठलराव शिंपी होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि भांडायची सोय गेली. नागराज महिन्यातून दोनदा फोन करी, पण त्याची मराठी "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढ्यावर संपे. पुढचं तो कन्नडमध्ये बोले आणि त्याच्याही पुढचं इंग्रजीत, बायकोशी.

बारशानंतर थोड्याच दिवसांत कल्याणीवर दोन माणसं आली. एक होती सीतालक्ष्मी, पाण्याचा अभ्यास करणारी, चष्मा लावणारी, पायऱ्या उतरताना साडीऐवजी पँट दुमडणारी. दुसरे तिरुमलराव, पांढऱ्या दाढीचे, कांशाच्या मूर्ती ओतणारे कलाकार. कुठल्याशा संस्थेने दोघांची जोडी जमवून दिली होती. एक शास्त्रातली, एक कलेतला, दोघांनी मिळून काहीतरी करा, वर्षभर बघू, असं. त्यांनी पाण्यात एक तार सोडली. तार एका पेटीत गेली आणि पेटीतून वर, चौकटीला टांगलेल्या कांशाच्या घंटांत. प्रत्येक घंटेशेजारी बोटाएवढा हातोडा.

पहिल्या दिवशी दुपारी सोयराबाई भात निवत ठेवून खिडकीत आल्या तर टिण्ण असा आवाज. मग टिण्ण, टण्ण. वाऱ्याचा मागमूस नाही. त्या खाली आल्या.

"वारा नाही, माणूस नाही, मग वाजवतं कोण?"

"पाणी वाजवतं, अज्जी," सीतालक्ष्मी म्हणाली. ती कन्नड बोलायची आणि सगळ्या म्हाताऱ्यांना अज्जी, आजी, म्हणायची. "पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. तो पाण्यात विरघळतो, माशांना मिळतो. जितका जास्त, तितक्या घंटा जास्त. ऊन उतरलं की कमी. कुणी घाण टाकली की आणखी कमी."

"म्हणजे पाण्याचा श्वास."

"तसंच समजा."

"आणि ह्यांचं काय काम?" सोयराबाईंनी तिरुमलरावांकडे बोट केलं.

"मी नसतो तर तिनं नुसते आकडे दाखवले असते," तिरुमलराव म्हणाले. "आकडे बघायला कोण येतं? आणि ती नसती तर माझ्या घंटा वाऱ्याने वाजल्या असत्या. तशा तर बैलाच्या गळ्यातही वाजतात."

ते वर्ष सोयराबाईंचं घंटांबरोबर गेलं. सकाळी सारवल्यासारखी शांतता असे. ऊन पायऱ्यांवर आलं की पहिली बारीक घंटा बोले, मग दुसरी, आणि भर दुपारी सगळ्या. घरात कुणीतरी भांडी आवरतंय असं वाटे. माणूस दिसत नाही, पण आहे, आतल्या खोलीत आहे, हात चालू आहे. जे माणूस घरात एकटं राहतं त्याला ठाऊक असतं की भांड्याचा आवाज ही केवढी गोष्ट आहे. सोयराबाई जेवण झालं की खालच्या पायरीवर बसत आणि बोलत. आज सारू खारट झालं. नागराजचा फोन नाही. सुनेने बाळाचा फोटो पाठवलाय, नाक आपल्या घराण्याचं आहे, पण मी काही बोलले नाही. मध्ये मध्ये टिण्ण व्हायचं. त्या थांबत, ऐकून घेत, आणि "हो ना" म्हणून पुढचं सांगत.

घंटा त्यांच्या जिवाला लागल्या, आणि जीव लागला की त्यांना भीती वाटे. काजळाची डबी घेऊन त्या एक दिवस खाली गेल्या आणि पेटीच्या मागे व मोठ्या घंटेच्या आतल्या कडेला बोटभर तीट लावून आल्या, लहान मुलाच्या गालाला लावतात तशी. दोन दिवसांनी तिरुमलरावांनी ती पाहिली.

"अज्जी, माझ्या घंटेला डाग पाडलात?"

"तीट आहे ती. तुमची घंटा देखणी आहे म्हणून नव्हे हां. उगीच फुगू नका."

सीतालक्ष्मी पोट धरून हसली. पण पुढे एक वर्तमानपत्रवाला आला, पायरीवर उभा राहून "अब्बब्बा, काय नाद, काय नाद" असं तोंडभर बोलून गेला, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या घंटेचा हातोडा गळून पाण्यात पडला.

"स्क्रू ढिला झाला होता," सीतालक्ष्मी म्हणाली.

"ढिला झाला की कुणी तोंडानं ढिला केला?" सोयराबाई म्हणाल्या. "बघ बाई तू आपली. मी सुम्ने सांगते, उगीच आपलं."

त्यांच्या या भीतीला कारण होतं. नागराजच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, रंगनाथ. असा गोरा, असा हसरा, की देवळात एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायचा. सोयराबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, पहिलटकरीण, आनंद पोटात मावेना. एका पाहुण्या बाईने "काय ग बाई तुझं लेकरू, चित्रातलं जणू" म्हटलं, आणि सोयराबाईंनी कौतुकाने "आहेच मुळी" म्हटलं. त्याच आठवड्यात मूल तापाने फणफणलं आणि गेलं. ताप सगळ्या मोहल्ल्यात होता, आणखीही मुलं गेली, हे त्यांना कळत होतं. पण "आहेच मुळी" हे शब्द आपले होते, हेही कळत होतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. जे हवं आहे, जे राहावंसं वाटतं, त्याला तोंडाने कधी चांगलं म्हणायचं नाही. नागराज पहिला आला तर "नापास नाही झाला, बरं झालं." नव्या घराला "पावसाला आडोसा." विठ्ठलरावांनाही ते उमगलं होतं. तेही स्वयंपाकाला "गिळवतंय" म्हणत. ज्या दिवशी ते गिळवतंय म्हणत नसत, त्या दिवशी भाजी खरंच बिघडलेली असे.

वर्ष सरलं. संस्थेने ठरवलं होतं की वर्षानंतर तपासणी होईल. दोन विद्या एकत्र आणून काय साधलं, ते बाहेरचं माणूस येऊन बघेल, आणि काही साधलं असेल तर घंटा राहतील, नाहीतर काढून दुसरीकडे नेतील. सीतालक्ष्मीने सोयराबाईंना ते सगळं नीट सांगितलं.

"तपासायला येतील त्या दिवशी आम्ही दोघं इथं यायचं नाही, तसा नियम आहे. तुमच्याशी बोलतील अज्जी. तुम्ही सगळ्यात जवळ राहता, तुमच्या बोलण्याला वजन आहे. जे वाटतं ते सांगा, बस्स."

"सांगते की," सोयराबाई म्हणाल्या. रात्रभर त्यांनी मनाशी शब्द जुळवले आणि सकाळी पुसून टाकले.

तपासणीला आल्या त्या मालतीबाई, पुण्याच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, सुती साडी, कापलेले पांढरे केस. आधी त्या गल्लीत फिरल्या. गॅरेजवाला म्हणाला, वाजतात, वाजू देत, आमच्या हातोड्यापेक्षा बरं. बॅटरीवाला म्हणाला, याने पोट भरतं का? दोन बाया म्हणाल्या, आम्ही आता निर्माल्य टाकत नाही, घंटा गप्प होतात म्हणून. कुणी असं, कुणी तसं. काटा मधोमध. मग मालतीबाई जिना चढून वर आल्या आणि विठ्ठलाचा फोटो बघून मराठीत म्हणाल्या, "तुम्ही मराठी का हो?"

सोयराबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "बसा की. बसा. मराठीच आम्ही. आमची मराठी म्हणजे अशीच, मैसूरची, अर्धी कन्नड. हसाल तुम्ही."

"हसेन कशाला? कानाला किती गोड लागते तुमची मराठी."

सोयराबाईंनी पटकन पाठ वळवली आणि कडाकडा बोटं मोडली. "कसली गोड? मोडकी आहे. घरात बोलायला कुणी नाही, गंजली."

त्यांनी कॉफी केली. मालतीबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "वा! अशी कॉफी पुण्यात मिळायची नाही."

"चिकोरी जास्त पडलीय."

"आणि घर किती टापटीप ठेवलंय तुम्ही."

"पसारा करायला माणूस लागतं ना बाई."

असं चाललं होतं. मालतीबाई मोकळ्या स्वभावाच्या, चांगलं दिसलं की चांगलं म्हणणाऱ्या, आणि सोयराबाई प्रत्येक वेळी वरून पाणी ओतून ते विझवणाऱ्या. पण आतून त्यांना वाटत होतं की ही बाई जाऊ नये. इतक्या वर्षांनी कुणी या खोलीत पूर्ण वाक्यं बोलत होतं. दोघी सासरचं बोलल्या, गुडघ्यांचं बोलल्या. मालतीबाईही एकट्याच राहत होत्या. आणि तेवढ्यात दुपार झाली, ऊन पाण्यात उतरलं आणि खाली सगळ्या घंटा बोलू लागल्या.

मालतीबाईंनी कप खाली ठेवला. "अहाहा! काय सुंदर आहे हो हे. काय सुंदर!"

सोयराबाईंना तो वर्तमानपत्रवाला आठवला. पुन्हा तोंडभर. उद्या आणखी एक हातोडा गळणार, नाहीतर तार कुरतडली जाणार.

"कसलं सुंदर?" त्या घाईघाईने म्हणाल्या. "कटकट आहे नुसती."

मालतीबाई त्यांच्याकडे बघू लागल्या. "हो? त्रास होतो तुम्हाला?"

आता बोलणं सुरू झालं होतं, मागे कसं घ्यायचं? ज्याची दृष्ट लागेल त्याच्यासमोरच तिचं नाव काढलं की उतारा फुकट जातो, असं त्यांच्यात मानतात. "त्रास म्हणजे काय. दुपारी डोळा लागत नाही. डोकं उठतं."

"सोयराबाई, हे बघा," मालतीबाई जवळ सरकून बसल्या. "पाणी किती सुधारलं ते सीतालक्ष्मी मोजेल. घंटा कशा ओतल्यात ते तिरुमलराव सांगतील. दोघं एकत्र आल्याने माणसाला काय मिळालं, ते मोजायला मात्र यंत्र नाही. म्हणून मी लोकांना विचारत फिरते. तुमच्या आयुष्यात या घंटांनी काय फरक पडला, ते मला अगदी खरं सांगा."

खाली घंटा वाजत होत्या. मोठी, बारीक, पुन्हा मोठी. सोयराबाईंच्या ओठांवर आलं होतं की माझ्या घरात माणूस आलं. ते तिथंच राहिलं. त्या इतकंच म्हणाल्या, "काय फरक पडायचाय? नसत्या तरी चाललं असतं."

त्यांच्या आयुष्यात त्यांनी कशाची याहून मोठी स्तुती केली नव्हती. विठ्ठलरावांना ती कळली असती. मोहल्ल्यातल्या कुठल्याही म्हातारीला कळली असती. मालतीबाईंनाही तीट ठाऊक होती, त्यांच्या आजीने त्यांना लावलेली होती. पण तारा, पेटी आणि संस्थेचं नाव असलेल्या यंत्राला कुणी तीट लावत असेल, हे त्यांच्या मनात कुठून यावं? त्यांनी मान हलवली, सोयराबाईंच्या हातावर हात ठेवला आणि जाताना म्हणाल्या, "काळजी करू नका. मी बघते तुमचं."

सोयराबाई त्या दुपारी किती खूश होत्या! खाली जाऊन त्यांनी घंटांना सगळं सांगितलं. कशी पुण्याची बाई आली, कशी वेळेवर दृष्ट वळवली, आता काही भीती नाही.

पंधरवडा गेला असेल. सीतालक्ष्मी आली ती जिन्यातून हाक न मारताच आली. डोळे सुजलेले.

"अज्जी, तुम्हाला इतका त्रास होत होता तर मला का नाही सांगितलंत? मी दुपारच्या बंद ठेवल्या असत्या."

"कसला त्रास?"

तपासणीत बऱ्याच गोष्टी चांगल्या निघाल्या होत्या. पण घंटा हलवाव्यात असं मालतीबाईंनी सुचवलं होतं, कारण अगदी लगत राहणाऱ्या एकट्या वृद्ध बाईंची झोप आणि स्वास्थ्य. बंगळूरच्या एका कलादालनाने घंटा मागितल्याच होत्या. संस्थेला बरंच झालं. सीतालक्ष्मी हे सांगत होती आणि सोयराबाई खिडकीशी जाऊन घंटांकडे बघत होत्या.

"अय्यो देवा," त्या म्हणाल्या. "अग, मी दृष्ट काढत होते."

मग त्यांनी तिला पहिल्यांदाच रंगनाथाचं सांगितलं. सीतालक्ष्मी रागवायची थांबली. शास्त्र शिकलेली मुलगी, पण तिच्याही घरात मूल झालं की सतरा नात्यांच्या बायका बोटं मोडायला येत. तिने लगेच मालतीबाईंना फोन लावला, मैसुरी हिंदीत अज्जींना बोलायचंय एवढंच सांगितलं, कारण तिच्या स्वतःच्या शब्दाला इथं वजन नव्हतं, आणि फोन सोयराबाईंच्या हातात दिला.

"बोला अज्जी. तुमच्या भाषेत बोला. घंटा चांगल्या आहेत, मला हव्यात, एवढंच. दृष्ट वगैरे समजवत बसू नका, सरळ सांगा."

"सोयराबाई? कशा आहात?" पलीकडून मालतीबाईंचा आवाज आला, खरोखर आनंदाचा.

"आहे की. मालतीबाई, त्या घंटा..."

"हो, काढताहेत ना? आता शांत झोप लागेल तुम्हाला."

"नाही, म्हणजे... त्या घंटा..." सोयराबाईंनी बाहेर पाहिलं. खिडकीतून चौकट दिसत होती. अजून होती ती तिथं. अजून हलवली नव्हती. जे अजून आहे त्याला तोंडाने चांगलं म्हणायचं? पन्नास वर्षांहून जास्त झाली, जीभ त्या वाटेने गेली नव्हती. एकदा गेली होती तेव्हा काय झालं, ते जिभेला माहीत होतं.

"त्या घंटा काय, सोयराबाई?"

"वाईट नाहीत," सोयराबाई म्हणाल्या.

मालतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ती पोरगी शेजारी उभी आहे ना? तिच्यासाठी बोलताय तुम्ही. मन मोठं आहे तुमचं. पण तुम्ही मला त्या दिवशी मोकळेपणाने सांगितलंत, मी तेच धरून चालते. स्वतःकडे बघा आता थोडं."

सोयराबाईंनी फोन सीतालक्ष्मीला परत दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिरुमलराव टेम्पो घेऊन आले. घंटा एक एक करून गोणपाटात गुंडाळल्या. मोठी घंटा उतरवताना आतली काजळाची रेघ त्यांना दिसली. त्यांनी अंगठा तिच्याजवळ नेला आणि न पुसता तशीच गुंडाळली. सोयराबाई खिडकीत होत्या. खाली आल्या नाहीत. तिरुमलरावांनी वर बघून हात जोडले, त्यांनीही जोडले.

पाण्यातली तार मात्र राहिली. सीतालक्ष्मीचं मोजमाप चालूच होतं. इथल्या पाण्याचे आकडे कुठल्या कुठे हवेतून बंगळूरला जात आणि तिथल्या गार दालनात, संगमरवरी फरशीवर, या कल्याणीवर ऊन पडलं की घंटा वाजत. लोक तिकीट काढून ऐकायला येत, असं सीतालक्ष्मी सांगे. "एकदा चला अज्जी, मी नेते." सोयराबाई म्हणत, बघू. पाणी इथं आणि आवाज तिथं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. माणूस इथं जेवतोय आणि ढेकर शेजारच्या गावात येतोय, असं ते त्यांना वाटे.

दुपारच्या त्या अजून खाली बसत. बोलायचं मात्र हळूहळू थांबलं. एका बाजूने किती बोलायचं? निर्माल्य पुन्हा पडू लागलं होतं. गॅरेजमधला हातोडा चालू असला की त्या क्षणभर कान टवकारत, मग कळे.

दसरा झाला. पाहुणेरावळे परत गेले, मोहल्ल्यातली रोषणाई उतरली. त्यानंतरच्या एका दुपारी सोयराबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. चौकटीची भोकं दगडात तशीच होती, त्यांत मुंग्या ये-जा करत होत्या. आणि त्यांच्या मनात आलं, आता भ्यायचं कशाला? दृष्ट लागायला इथं उरलंय काय?

"चांगल्या होत्या," त्या म्हणाल्या.

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

"फार चांगल्या होत्या. मोठीचा आवाज तर असा, की जेवण झाल्यावर कुणी पाठीवरून हात फिरवावा. बारकी आगाऊ होती, सगळ्यांच्या आधी बोलायची. पण तिच्यामुळं कळायचं, ऊन आलं म्हणून. घर भरलं होतं माझं."

एकदा वाट मोकळी झाल्यावर जीभ थांबेना. त्या विठ्ठलरावांवर आल्या. दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, विठ्ठलरावांनी एकदा डोळे उघडून विचारलं होतं, "सोयरा, आता तरी सांग. माझ्या हातचा कोट कसा व्हायचा ग?" आणि त्यांनी ओला पंचा पिळत म्हटलं होतं, "खांदा उतरायचा." विठ्ठलराव हसले होते. तेवढ्यासाठीच विचारलं असावं.

"खांदा कधी उतरला नाही तुमचा," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "एकदाही नाही. बँडवाले लोक लांबून यायचे. अंगात घातला की माणूस ताठ व्हायचा. मी दाराआडून बघायची. साऱ्या मैसुरात तसा खांदा कुणाला बसवता आला नाही, कळलं? कुणाला नाही."

मासे वर आले होते, खायला मिळेल म्हणून. सोयराबाईंनी हात झाडून दाखवला. मग नागराजच्या अक्षराचं, विठ्ठलरावांच्या बहिणीच्या ओव्यांचं, माहेरच्या लिंबाचं, असं जे जे गेलं होतं आणि ज्याला त्या कधी चांगलं म्हणाल्या नव्हत्या, त्या सगळ्याला एक एक करून चांगलं म्हणून झालं. नागराजपाशी त्या जरा अडखळल्या, कारण तो जिवंत होता. तेवढं वाक्य त्यांनी अर्धं ठेवलं. रंगनाथाचं सगळ्यात शेवटी काढलं, आणि ते काही मोठ्याने बोलल्या नाहीत. नुसते ओठ हलले. गॅरेजवाला हातावरचं तेल धुवायला पायरीवर आला होता. त्याला वाटलं म्हातारी जप करतेय. तो वरच्याच पायरीवर, आवाज न करता, हात धुऊन गेला.

त्या दिवशी बंगळूरच्या दालनात घंटा किती वाजल्या, ते सीतालक्ष्मीकडच्या आकड्यांत असेल. ऊन चांगलं होतं, म्हणजे वाजल्या असणार.

सोयराबाईंनी त्यानंतर मालतीबाईंना फोन केला नाही, मालतीबाईंनी दिवाळीला केला. दोघी मराठीत बोलल्या, थंडीचं, गुडघ्यांचं. "झोप लागते ना आता?" मालतीबाईंनी विचारलं. "लागते की," सोयराबाई म्हणाल्या. ती बाई चांगली होती, आणि ती अजून होती, म्हणून सोयराबाईंनी तिला तसं काही म्हटलं नाही.

सोयराबाई २०१९ च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, मैसूरला आपल्या खोलीत वारल्या. नागराज चौथ्या दिवशी पोचला.